कथाचित्रकाराचे वाचन

हावडा-मुंबई लोहमार्गावरील वरठीचे स्थानक ‘भंडारा रोड’ या नावाने ओळखले जाते. तेथून चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस निघणाऱ्याला सर जे. जे. कलाशाळा (१८५७) ठाऊक असते. पण तिच्यात व्यापारी कलेचा विभाग १९३५ साली, म्हणजे बऱ्याच उशिरा निघाला, हे सहसा ठाऊक नसते. चित्रावर पोट भरणे ही शिकण्याजोगी विद्या आहे, ही मान्यता त्यामुळे मिळाली. (नावातला ‘व्यापारी’ हा शब्द मात्र अनेकांना खुपत राहिला.)

मडगावी १९१६ साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले. चित्रकारच संपादक झाला, ही घटना आम्हांस वाङ्मयेतिहासाची वाटते. कथेतील कोणता क्षण रेखाटायचा आणि कोणता लेखकाकडेच राहू द्यायचा, हा निर्णय मुळात वाचकाचा असतो. नुसत्या रेखांकनाच्या तासाला तो साधत नाही. स्टुडिओत काम करू पाहणाऱ्याने म्हणून जुने दिवाळी अंकच ग्रंथालयात मागावेत. त्यांतील कथा पुढे संग्रहांत आल्या, तेव्हा सोबतची चित्रे बहुधा मागेच राहिली.