तळटीप १४ : ‘तुपाच्या बाटल्या’

१४. या बाटल्या स्वयंपाकघरातल्या नव्हेत. ऑक्टोबर १८९६मध्ये प्लेगग्रस्त मुंबईत आलेले डॉ. वाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे जे. जे. रुग्णालयाच्याच आवारात, मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवीत. अर्कावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या खाली जंतूंच्या लोंब्या धरत. मग उष्णतेने जंतू मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन न टोचलेल्यांशी त्यांची तुलना केली. तुरुंगातली ‘स्वखुशी’ कितपत खरी, हा प्रश्न उरतोच. याच कामातून पुढे वाढलेल्या परळच्या संस्थेला १९२५मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले.