नामदेवांच्या पदांतील इस्लामी प्रभाव
संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या मौखिक परंपरेने जतन झालेल्या हिंदी पदांवरील अरबी-फार्सी शब्दांचा व इस्लामी संकल्पनांचा संस्कार. औंढा नागनाथ (जि. हिंगोली) येथे विसोबा खेचरांनी नामदेवांना गुरुपदेश केला, अशी वारकरी परंपरा आहे. शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी ‘देव नाही अशी जागा दाखव’ असे सुचविल्याची कथा प्रसिद्ध आहे.

नामदेवांच्या हयातीत यादवसत्ता लयास जाऊन बहमनी राज्य स्थापन झाले (१३४७). त्यांची पदे गायनातून उत्तरेत पसरली. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांपैकी ६१ पदे आहेत. तिलंग रागातील एका पदात ईश्वराला करीम, रहीम, अल्ला, गनी असे संबोधिले आहे. मात्र शेवट ‘हरी’ या नामाने होतो आणि ‘चे’ हा मराठी षष्ठीचा प्रत्ययही तेथे टिकून आहे.

हा स्वीकार शरणागतीचा नव्हे. भैरव रागातील पदात सुलतान मेलेली गाय जिवंत करण्यास फर्मावितो. भयभीत आई रामाऐवजी खुदाला भजण्याची विनवणी करते, ती नामदेव नाकारतात. प्रेमाने घेतलेले नाव सक्तीने घेण्यास हा नकार आहे. या प्रसंगाची ऐतिहासिकता व काही पदांचे कर्तृत्व यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बिलावल गोंड रागातील पदात देऊळ व मशीद या दोहोंपलीकडील ईश्वराची सेवा सांगितली आहे. औंढ्याच्या कथेतील बोधाशी तिचे नाते उघड आहे.