बीबीसी मायक्रो संगणकाचे जतन

बीबीसी मायक्रो हा केंब्रिज येथील एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी तयार केलेला गृहसंगणक होय. तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. २ मेगाहर्ट्झ वेगाचा ६५०२ प्रोसेसर, ३२ किलोबाइट रॅम आणि रॉममध्ये कायम बसवलेली बीबीसी बेसिक भाषा ही त्याच्या 'मॉडेल बी' या प्रकाराची वैशिष्ट्ये. उत्पादन केव्हाच थांबले असले तरी अनेक देशांतील हौशी मंडळी हे संगणक दुरुस्त करून आजही चालवतात.

भारतातील वापर

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि सुमारे २५० शाळांपासून आरंभ करून त्यासाठी बीबीसी मायक्रोची निवड केली. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने एकॉर्नशी करार करून 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने त्याची भारतीय आवृत्ती काढली. शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण मात्र अल्प होते.

भारतात या संगणकाचे जतन अवघड होण्याचे एक कारण कार्यालयीन आहे. सरकारी खर्चाने आलेली वस्तू शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढते. निरुपयोगी ठरली की तिचे निर्लेखन होते आणि ती भंगारात जाते. ब्रिटनमध्ये जे यंत्र माळ्यावर पडून राहिले, ते येथे वजनावर विकले जाण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे यंत्राचा शोध निर्लेखनापूर्वीच घ्यावा लागतो. यंत्रासोबतच्या फ्लॉपी तबकड्याही राखणे तितकेच महत्त्वाचे, कारण स्थानिक शिक्षकांनी लिहिलेल्या प्रोग्रामची दुसरी प्रत सहसा कोठेही नसते.

देखभाल

वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रास एकदम वीज देणे धोक्याचे असते. त्याच्या पॉवर सप्लायमधील कागदी कपॅसिटरचे कवच जुनेपणाने तडकते, आत ओलावा शिरतो आणि वीज देताच मोठ्या आवाजासह दाट धूर निघतो. हे कपॅसिटर आधी बदलावे लागतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा शत्रू उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. जळगाव-धुळे परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे पत्र्याच्या छपराखालील खोलीत असे यंत्र ठेवणे म्हणजे ते हळूहळू मारणेच. दृश्यनिर्मितीची 'व्हिडिओ यूएलए' ही चिप मुळातच तापते. खानदेशी उन्हाळ्यात तिच्यावर उष्णताशोषक धातूची पट्टी असणे इष्ट. अनेक चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या असल्याने त्या काढून पाय स्वच्छ करता येतात. डाग देण्याची सवय असलेल्या टीव्ही दुरुस्ती कारागिरास यातील बरेच काम जमण्यासारखे आहे.

खराब झालेल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी 'गोटेक' हे उपकरण बसवून पेनड्राइव्ह वापरता येतो.

देवनागरी

या संगणकात देवनागरी नाही. परंतु 'व्हीडीयू २३' या आज्ञेने ८ × ८ ठिपक्यांचे नवे अक्षर घडवता येते. ही सोय टेलिटेक्स्ट पद्धतीच्या 'मोड ७' मध्ये चालत नाही. शिरोरेषा शेजारच्या चौकटीशी सहज जुळते. वेलांटी, मात्रा आणि उकार मात्र त्या आठ ओळींत मावत नाहीत. त्यांच्यासाठी वरची व खालची चौकट खर्ची घालावी लागते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी व उच्चार नंतर, ही अडचण वेगळीच.

अनुकरण सॉफ्टवेअर

मूळ यंत्र नसल्यास 'बीबेम' हे सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर त्याचे हुबेहूब वर्तन घडवते. 'जेएसबीब' तर ब्राउझरमध्येच चालते.