ड्युटी कोण लावतो? पोलिसांतील टोळ्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

पोलीस खात्यातल्या टोळ्यांच्या अभ्यासाकडे येणाऱ्याची नजर आधी गोंदणावर जाते. ते स्वाभाविकच आहे. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यातला ‘जम्प आउट बॉइज’ हा गट २०१२ साली उघडकीला आला. त्यांच्या गोंदणात कवटी आणि रिव्हॉल्वर असे, आणि गोळीबारात भाग घेतलेल्याच्या रिव्हॉल्वरच्या नळीतून धूर निघताना दाखवत. हे वाचून कोणाचीही उत्सुकता चाळवेल. नव्या अभ्यासकाचे स्वागत करताना मी मात्र एवढेच सुचवेन की कातडीवरची नजर लवकर काढावी आणि ड्युटीच्या तक्त्याकडे वळवावी.

आपल्या वाचकासाठी एक खुलासा हवा. मुंबईचा शेरीफ हे मानाचे, समारंभाचे पद. लॉस एंजेलिसचा शेरीफ लोकांनी निवडून दिलेला असतो. काउंटीचे तुरुंग, न्यायालयांचा बंदोबस्त आणि स्वतःचे पोलीस नसलेल्या अनेक शहरांची गस्त हे सगळे त्याच्याकडे. काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ त्याचे अंदाजपत्रक मंजूर करते, पण रोजच्या कारभारात त्याला हुकूम देऊ शकत नाही. वरून दाबणारा हात नाही, ही गोष्ट पुढचे वाचताना ध्यानात असावी.

इथल्या गटांची नोंद १९७०च्या दशकाच्या आरंभापासून सापडते. ईस्ट लॉस एंजेलिस ठाण्यातले ‘लिटल डेव्हिल्स’ त्यांतले जुने. १९९१ साली एका संघीय न्यायाधीशाने लिनवूड ठाण्याच्या ‘व्हायकिंग्ज’ना गौरवर्णीय वर्चस्ववादी, नव-नाझी टोळी म्हटले. पुढच्याच वर्षी निवृत्त न्यायाधीश जेम्स कोल्ट्स यांचा शेरीफ खात्याविषयीचा अहवाल आला. १९९६ मध्ये लिनवूडच्या रहिवाशांचा दावा ९० लाख डॉलरवर मिटला. एवढे होऊनही व्हायकिंग्जचे गोंदण असलेले पॉल टनाका खात्यात दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीपर्यंत चढले. २०१६ साली त्यांना तुरुंगवास ठोठावला गेला तो तुरुंगातल्या मारहाणीचा एफबीआयचा तपास अडवल्याबद्दल. कायद्याच्या विद्यार्थ्याने इथे जरा थबकावे. टोळीत असणे हा गुन्हा नव्हताच.

मग टोळीची ताकद कशात? ज्यांच्या घरात पोलीस आहे त्यांना हे समजावावे लागणार नाही. रात्रपाळी कोणाला, सुटी कोणाला, जादा कामाचे पैसे कोणाला, हे ठरवणारा ठाण्यात कधीकधी साहेबापेक्षा मोठा ठरतो. कॉम्प्टन ठाण्यातल्या ‘एक्झिक्युशनर्स’वर नेमका हाच आरोप झाला: ड्युटी लावण्याच्या जागी आपला माणूस मिळावा म्हणून गटाने दबाव आणला, आणि मागणी फेटाळली गेल्यावर गस्तीवरचे काम मंदावले. ईस्ट लॉस एंजेलिसच्या ‘बँडिटोज’विरुद्ध तर खात्यातल्याच डेप्युटींनी, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांनी, २०१९ साली दावा लावला. न ऐकणाऱ्याला मोक्याच्या वेळी कुमक मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. अंधाऱ्या गल्लीत मदत मागितली आणि कोणी आलेच नाही, या भीतीपुढे खात्याची नियमपुस्तिका फिकी पडते. नवा डेप्युटी ज्याच्या हाताखाली शिकतो तो प्रशिक्षकच गटातला असेल, तर पहिल्या आठवड्यातच कळते की खरा अहवाल कोणाला द्यायचा.

हे मूठभरांचे चाळे आहेत, असे म्हणणाऱ्यांनी रँड या संशोधन संस्थेचा २०२१चा अहवाल पाहावा. प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या या खात्यातल्या लोकांपैकी सुमारे १६ टक्क्यांना कधी ना कधी गटात येण्याचे आमंत्रण मिळाले होते. आमंत्रण म्हणजे सदस्यत्व नव्हे, आणि प्रत्येक गट गुन्हेगारच असतो असेही नाही. कठीण ठाण्यात एकत्र राबलेल्यांची ती निव्वळ दोस्ती आहे, हा समर्थकांचा युक्तिवाद काही ठिकाणी खराही असेल. म्हणून १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला कॅलिफोर्नियाचा कायदा मला शहाणा वाटतो. नाव आणि खूण यांचा उल्लेख तो करतो, पण बोट ठेवतो ते सेवेवर असतानाच्या वारंवार घडणाऱ्या वर्तनावर: खोटे अहवाल, बेकायदा बळ, सहकाऱ्यांचा छळ, तोंड उघडणाऱ्यावर सूड. अशा टोळीत सहभागी होण्यास मनाई करणारे धोरण प्रत्येक पोलीस खात्याने ठेवलेच पाहिजे, असे त्याने ठरवले.

अंमलबजावणी पुन्हा कातडीशीच येऊन अडली. २०२३ मध्ये काउंटीच्या महानिरीक्षकांनी ३५ डेप्युटींना गोंदण दाखवायला सांगितले, तेव्हा कर्मचारी संघटना न्यायालयात गेली.

सिद्धान्ताची भूक असणाऱ्यांनी विल्यम वेस्टली आणि जेरोम स्कोलनिक यांच्याकडे जरूर जावे. पोलिसांची आपसातली निष्ठा आणि गुप्तता त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच अभ्यासली होती. पण सुरुवात मी शेरीफ खात्यावरच्या काउंटीच्या नागरी देखरेख आयोगापुढच्या २०२२च्या जाहीर साक्षींपासून करायला सांगेन. त्यांवर आधारलेला अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. साक्षी वाचताना एक वही जवळ ठेवा. कोणत्या ठाण्यात पाळ्या कोण लावत होता, नवख्यांना प्रशिक्षक कोणी नेमून दिला, बदलीच्या कागदावर सही कोणाची, एवढेच तिच्यात टिपत जा.