सखाराम गणेश आणि 'एस्टॉपेल'

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी अशा उपनगरांतून हल्ली दर दोन-चार बिऱ्हाडांमागे एक चिरंजीव किंवा कन्यारत्न अमेरिकेत असतं. त्यामुळे जिन्यात पूर्वी रॉकेल, साखर आणि पाण्याची वेळ यांवर जी चर्चा चाले, ती आता व्हिसा आणि ग्रीन कार्ड यांवर चालते. परवा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला गाठलं. "तू बँकेत आहेस, तुला फॉर्मातलं कळतं. आमचा मुलगा आठ वर्षं तिकडे आहे, गवत कापायचं यंत्रसुद्धा घेतलंय, आणि कागदावर म्हणे तो 'नॉन-इमिग्रंट'! मग इतकी वर्षं गेलाय तरी कोण?"

बँकेतला माणूस हा आपल्या समाजाचा फुकट वकील असतो. त्यातून मी बी.कॉम. तेव्हा म्हटलं, एकेका शब्दाचं खातं उघडून बघू.

'व्हिसा' हा मुळात लॅटिन. अर्थ 'पाहिलेला'. कागद पाहिला, एवढंच! आम्ही व्हाउचरवर टिक मारतो, तसा. टिक झाली म्हणून पैसे हातात पडत नाहीत. पुढे कॅशियरची खिडकी असते. तिकडे विमानतळावर बसलेला अधिकारी हा तो कॅशियर. 'इमिग्रंट' म्हणजे कायमचं बिऱ्हाड करायला आलेला, आणि 'नॉन-इमिग्रंट' म्हणजे पाहुणा, मग तो पंधरा दिवस राहो की आठ वर्षं. शिवाय फिरायला किंवा शिकायला जातो म्हणणाऱ्या प्रत्येकाला अमेरिकन कायदा आधी इमिग्रंटच समजतो. आपण परत येणार आहोत हे ज्याचं त्याने पटवायचं. कर्ज मागायला आलेला प्रत्येक जण बुडवणारच, असं समजणारे मॅनेजर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

'एलियन' म्हटलं की पोरांना तबकडीतून उतरलेला हिरवा प्राणी आठवतो. कायद्यात मात्र जो नागरिक नाही तो एलियन, मग तो सदाशिव पेठेतला का असेना. त्याला नागरिक करून घेण्याच्या विधीला 'नॅचरलायझेशन' म्हणतात. म्हणजे तोवर बिचारा अनैसर्गिक!

इथवर हसून झालं. पण याच शब्दापायी एकेकाळी माणसं देशोधडीला लागली आहेत.

१७९० साली अमेरिकेने कायदा केला की नॅचरलायझेशन मिळेल ते फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधले आपण सावळे, निमगोरे आणि 'तसा उजळ आहे हो' या वर्गातले लोक कुठे बसतो, ते कोणी लिहून ठेवलं नाही. त्यामुळे एक न्यायाधीश नागरिकत्व देई, तर दुसरा नाकारी.

याच काळात लॉस एंजेलिसमध्ये एक वकील होते, सखाराम गणेश पंडित. नाव असं की दादरच्या एखाद्या पाटीवरून उतरवून घ्यावं. १९१४ साली त्यांना तिथल्या कोर्टाने नागरिकत्व दिलं, पुढे वकिलीची सनद मिळाली, लिलियन नावाच्या अमेरिकन बाईंशी लग्न झालं.

मग आला भगतसिंग थिंद यांचा खटला. हे अमृतसरकडचे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली ती पंडितांनीच. मुद्दा असा की उत्तर हिंदुस्थानातला उच्चवर्णीय माणूस आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन, आणि कॉकेशियन म्हणजे गोरा. म्हणजे जात ही वस्तू आपण समुद्रापलीकडेसुद्धा ट्रंकेतून नेतो! ती तिथे चालली नाही, याचं दुःख निदान मला होत नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती सदरलँड म्हणाले, शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. गंमत म्हणजे हे सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले. पण त्यांचा रंग सामान्य माणसाला पसंत होता.

आता सरकारने जुनी खाती उकरायला घेतली. आधी दिलेली नागरिकत्वं रद्द होऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोला दुकान चालवणारे पेशावरचे वैष्णोदास बगई यांचंही गेलं. त्यांनी ब्रिटिश प्रजाजनत्व सोडलेलं, आणि इकडे अमेरिकेने हात वर केले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. ना इथले, ना तिथले, अशा अवस्थेला कुठल्याच फॉर्मात रकाना नसतो.

पंडितांवरही खटला झाला. हरले तर सनद जाणार, घर जाणार आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बायकोचंही नागरिकत्व जाणार. या वेळी त्यांनी आर्य, वंश वगैरे बाजूला ठेवलं आणि 'एस्टॉपेल' काढलं.

बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉमध्ये हा शब्द आम्ही परीक्षेपुरता घोकला होता. तुमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपलं आयुष्य बेतलं, तर मागाहून तुम्हाला शब्द फिरवता येत नाही, हा त्याचा अर्थ. त्याचीच सख्खी बहीण 'रेस ज्युडिकाटा': एकदा निकाल लागलेलं प्रकरण पुन्हा उकरायचं नाही. पंडित म्हणाले, १९१४ साली तुमच्याच कोर्टाने मला नागरिक केलं, तुम्ही अपील केलं नाहीत, त्या भरवशावर मी सगळं उभं केलं. आता कसं फिरता? कोर्टाला ते पटलं. १९२६ मध्ये वरच्या कोर्टानेही पंडितांचीच बाजू घेतली आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दाद घेतली नाही. नागरिकत्वं काढून घेण्याचा तो धडाका तिथे थंडावला. खुद्द थिंद यांनाही १९३६ मध्ये, युद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या नव्या कायद्याने, नागरिकत्व मिळालं.

पुढे २ जुलै १९४६ ला हिंदी लोकांना नॅचरलायझेशनचा हक्क मिळाला आणि सोबत कोटा, साऱ्या हिंदुस्थानाला वर्षाला शंभर माणसं! सकाळच्या आठच्या लोकलला आमच्या स्टेशनवर एका डब्याला याहून अधिक माणसं लोंबकळतात. हे देशवार कोटे मोडीत काढणारा कायदा झाला १९६५ साली, आणि मग आपले इंजिनियर नि डॉक्टर सुटले.

वंशशास्त्राचे भलेमोठे ग्रंथ कोर्टात घेऊन जाणारे पंडित हरले. जिंकले ते जुन्या निकालाचा कागद हातात धरणारे पंडित. तेव्हा परदेशी निघालेल्या मुलांना लाडू-चिवड्याबरोबर एक फायलीचं पाकीटही द्या. शिक्का मारणाऱ्याला शिक्क्याची आठवण करून द्यायची वेळ कधी येईल, सांगता येत नाही.