दुजोऱ्याची कुळकथा

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेच्या एकटीच्या साक्षीवर शिक्षा द्यावी का, आणि तिने उशिरा तोंड उघडले तर त्याचा अर्थ काय लावावा, हे दोन्ही प्रश्न भारतात इंग्लंडहून आले. तिथल्या मध्ययुगीन रिवाजात बाईने ताबडतोब शेजारच्या गावात जाऊन बोभाटा करावा, जखमा आणि फाटके कपडे चारचौघांना दाखवावेत अशी अपेक्षा असे. तिथले न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्या १७३६ साली छापलेल्या ग्रंथाने पीडितेवरच्या या संशयाला प्रतिष्ठा दिली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातही घटनेच्या ‘सुमारास’ केलेले कथन दुजोरा म्हणून चालेल, असे कलम १५७ आले. दुजोरा असलाच पाहिजे, असे मात्र त्या कायद्यात कुठेच नव्हते. ती न्यायाधीशांची सवय होती, आणि सवयी कायद्यापेक्षा चिवट असतात.

या सवयीला पहिला मोठा धक्का दिला तो व्हिव्हियन बोस यांनी. अमरावती-अकोल्याची अपिले ज्या नागपूर उच्च न्यायालयात जात, तिथले ते मुख्य न्यायाधीश. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला त्यांच्यापुढे आला. आठ वर्षांची मुलगी घरी परतली तेव्हा आई आडवी झाली होती. मग तीही झोपली आणि सुमारे चार तासांनी उठल्यावर आईला सांगितले. हे ‘सुमारास’ म्हणायचे का? बोस यांनी घड्याळ बाजूला ठेवले. शक्य तितक्या लवकर सांगितले का, आणि तोवर कोणाला तिला पढवायला सवड मिळाली का, एवढेच पाहायचे. दुजोरा हा सावधगिरीचा नियम आहे, तो मनात ठेवावा, पण प्रत्येक खटल्यात मागू नये, असेही त्यांनी ठरवले.

सवय तरीही सुटली नाही. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका मुलीवर बलात्कार झाल्याच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेले दोन पोलीस १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, हा तिथे तिच्या विरोधातला मुद्दा ठरला. वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांनी या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४अ आले: कोठडीतल्यासारख्या ठरावीक प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि पीडितेने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरायचे. नागपूरच्या एका फौजदाराच्या खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पीडिता गुन्ह्यातली साथीदार नव्हे. तिची साक्ष जखमी साक्षीदाराच्या तोलाची. १९९६ च्या गुरमितसिंग निकालाने उशिराचाही हिशेब मांडला: अब्रूच्या भीतीने घरचे ठाण्याची पायरी चढायला कचरतात, तेव्हा समाधानकारक खुलासा असेल तर उशिरामुळे फिर्याद कोसळत नाही.

बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, घरी किंवा बालकाच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो. उलटतपासणीचे प्रश्न वकील थेट विचारत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. अमरावती आणि अकोल्याच्या विशेष न्यायालयांनाही हेच नियम लागू आहेत. उशीर आजही बचावाचे हत्यार आहेच. फक्त किती दिवस झाले एवढ्यावर ते चालत नाही. मधल्या दिवसांत बालक कोणाच्या धाकात होते आणि आधी कोणाजवळ बोलले, हे साक्षीपुराव्यातून पाहावे लागते.