कलानगरी कोल्हापूर

राजर्षी शाहू महाराजांच्या राजाश्रयामुळे कोल्हापूरला ‘कलापूर’ ही ओळख लाभली. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून संगीताची जोपासना करीत होताच. पुढे उस्ताद अल्लादिया खाँ दरबारगायक झाले आणि जयपूर-अत्रौली गायकी येथे रुजली. खासबाग कुस्ती मैदानालगत १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. त्यालाच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये झळकला. त्यांच्याच शिष्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ स्थापन केली. मात्र १९३३ मध्ये ती पुण्यास गेली.

राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या, क्रमांकांच्या गल्ल्यांच्या राजारामपुरीत वि. स. खांडेकर यांचे वास्तव्य होते. ‘ययाति’कार खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ लाभले. लगतच्या परिसरात १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले.

केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. संस्थानाने उभारलेला हा वारसा जपण्याची जबाबदारी आता लोकाश्रयावरच आहे.